परतावा कोणत्या चलनातला, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी बाजारांत पैसे गुंतवणाऱ्या फंडांचे तक्ते अर्थपानांवर आता नेमाने येतात. एक वर्ष, तीन वर्षे, पाच वर्षे असे रकाने आणि त्यांपुढे टक्के. हे टक्के कोणत्या चलनात मोजले, फंडाने विनिमय दराचा धोका स्वतःकडे ठेवला की करार करून टाळला, आणि फंडाच्या पोटात प्रत्यक्षात कोणकोणती चलने आहेत, या तीन गोष्टी मात्र तक्त्यात कुठेच नसतात. फंडांची जोखीम मोजणे हे आमचे रोजचे काम आहे. या तीन गोष्टी झाकून उरलेला तक्ता वाचला तर निष्कर्ष हमखास चुकतो, म्हणून हे पत्र.

२०१३ सालचे जपान घ्या. निक्केई निर्देशांक त्या वर्षात सुमारे ५७ टक्के वाढला. त्याच वर्षात डॉलरला ८६-८७ येन मिळत होते ते १०५ मिळू लागले. डॉलरमध्ये हिशेब ठेवणाऱ्याच्या हाती त्या ५७ टक्क्यांतले २९ टक्केच पडले. ज्याने येनच्या घसरणीपासून संरक्षण घेतलेला, म्हणजे ‘हेज्ड’ फंड घेतला होता, त्याला जवळजवळ पूर्ण वाढ मिळाली. समभाग तेच, वर्ष तेच, आणि परताव्यात २५ टक्क्यांहून जास्त अंतर. फंड-व्यवस्थापकाच्या हुशारीचा त्यात काडीचाही वाटा नव्हता. तक्ता मात्र एका फंडाला पहिल्या ओळीत बसवतो आणि दुसऱ्याला तळाला.

हा हिशेब बेरजेचा नाही, गुणाकाराचा आहे. बाजार १० टक्के वर आणि चलन ८ टक्के खाली असेल तर १.१० गुणिले ०.९२, म्हणजे १.०१२, हाती १.२ टक्के. दोन टक्के नव्हे. एका वर्षात हा फरक किरकोळ वाटतो, दहा वर्षांत तो साचत जातो.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो ‘फंडाचे चलन’ या शब्दावरून. एका फंडाला तीन प्रकारची चलने असतात. एक, ज्या चलनात त्याची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचे मूल्य, जाहीर होते ते. दोन, ज्या चलनात फंड स्वतःचे हिशेब ठेवतो ते मूळ चलन. आणि तीन, आतले समभाग-रोखे ज्या चलनांत आहेत ती. यांपैकी पहिले दोन हे निव्वळ मोजमाप आहे. उंची फुटांत सांगितली काय आणि मीटरमध्ये सांगितली काय, माणूस तेवढाच राहतो. धोका तिसऱ्यात असतो. युरोपीय समभागांचा फंड डॉलरमध्ये विकत घेतला म्हणून त्याला डॉलरचा आधार मिळत नाही. मे २०१४ मध्ये एका युरोला १.३९ डॉलर मिळत होते, मार्च २०१५ मध्ये १.०५. म्हणजे जवळजवळ २४ टक्क्यांची घसरण. युरोपीय समभागांच्या हेज न केलेल्या फंडाच्या डॉलर एनएव्हीत ती पूर्णपणे उतरली, फंडाच्या नावात डॉलर असूनही.

याच्याही खाली आणखी एक थर आहे, कंपन्यांच्या कमाईचा. युरोपीय संघ सोडण्याबाबत ब्रिटनमध्ये २३ जून २०१६ रोजी झालेल्या सार्वमतानंतर पौंड एका रात्रीत १.५० डॉलरच्या पातळीवरून १.३३ च्या खाली गेला. लंडनचा एफटीएसई १०० निर्देशांक मात्र त्या वर्षअखेरीस आधीपेक्षा वर होता, कारण त्यातल्या कंपन्यांची बहुतेक कमाई ब्रिटनबाहेरची आहे. पौंड स्वस्त झाला की ती कमाई पौंडांत फुगते. तेव्हा ‘माझे सगळे समभाग घरचेच आहेत, मला चलनाचा धोका नाही’ हे विधान तपासून घ्यावे लागते. निर्यातदार कंपन्यांनी भरलेला घरचा फंड हा अर्धा परदेशी फंडच असतो, आणि कच्चा माल आयात करणाऱ्या कंपन्यांचा फंड याच्या बरोबर उलटा.

विविधतेच्या नावाखालीही अशीच फसगत होते. ‘जागतिक’, ‘आंतरराष्ट्रीय’, ‘तंत्रज्ञान’ अशा वेगवेगळ्या नावांचे चार फंड घेतले की पैसे विखुरले असे वाटते. एमएससीआय वर्ल्ड या निर्देशांकात २३ विकसित देश आहेत खरे, पण अलीकडच्या वर्षांत त्यातला सुमारे ७० टक्के भार एकट्या अमेरिकेचा आहे. त्यावर चालणारा फंड आणि अमेरिकी तंत्रज्ञान कंपन्यांचा फंड एकत्र घेतले तर वरच्या दहा कंपन्यांपैकी बऱ्याचशा दोन्हीकडे त्याच दिसतील आणि चलन तर डॉलरच. फंडांची संख्या मोजण्यापेक्षा चलनांची यादी करावी, ती फार लवकर संपते.

आता मुख्य प्रश्न, हेज करायचे की नाही. याचे सरसकट उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. रोखे आणि समभाग यांचे उत्तर वेगवेगळे आहे आणि त्यामागचे गणित कुणालाही करून पाहता येईल.

समजा परदेशी रोख्यांचा चढउतार (परताव्याचे सरासरीपासूनचे प्रमाणित विचलन) वर्षाला ४ टक्के आहे आणि त्या चलनाचा ९ टक्के. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही असे धरू. एकत्रित चढउतार काढताना वर्ग करून बेरीज करायची आणि वर्गमूळ घ्यायचे. १६ अधिक ८१ म्हणजे ९७, वर्गमूळ सुमारे ९.८. म्हणजे शांत, स्थिर उत्पन्नासाठी घेतलेले रोखे अडीचपट उसळू लागले, आणि त्या उसळीतला सहा भागांपैकी पाच भाग चलनाचा. असा फंड घेणारा माणूस रोखे घेतोय असे समजतो, प्रत्यक्षात तो विनिमय दरावर पैज लावत असतो. म्हणून विकसित देशांचे रोखे घ्यायचे तर हेज करूनच घ्यावेत, आणि हेज केलेला फंड मिळत नसेल तर घरचेच रोखे घ्यावेत. याला आमच्या मते अपवाद एकच. त्या चलनात पुढे खर्च करायचा असेल तर हेज करू नये. त्याबद्दल पुढे लिहितो.

समभागांचे गणित निराळे. चढउतार १६ टक्के, चलनाचे तेच ९ टक्के. संबंध शून्य असेल तर एकत्रित १८.४ टक्के. म्हणजे वाढ फक्त २.४ टक्क्यांची. पण येथे संबंध शून्य धरून चालत नाही. बाजार कोसळताना काही चलने चढतात. डॉलर आणि स्विस फ्रँक ही त्यांतली ठळक, येनही बऱ्याच वेळा. ऑस्ट्रेलियन डॉलर, कॅनेडियन डॉलर किंवा नॉर्वेजियन क्रोन ही चलने बहुधा बाजाराबरोबरच पडतात, कारण ती कच्च्या मालाच्या मागणीशी बांधलेली आहेत. घरच्या चलनाच्या तुलनेत परके चलन समभागांच्या उलट दिशेने जात असेल, संबंध (उणे १ ते अधिक १ या पट्टीवर) उणे ०.४ असेल, तर तेच मिश्रण १४.९ टक्क्यांवर येते. हेज केलेल्या १६ टक्क्यांपेक्षाही कमी. अशा वेळी पैसे मोजून हेज करणे म्हणजे पैसे मोजून धोका वाढवणे. याउलट संबंध अधिक ०.४ असेल तर चढउतार २१.३ टक्के होतो आणि मग हेज करण्यात अर्थ आहे.

आपले घरचे चलन संकटाच्या काळात पडणाऱ्यांपैकी आहे का, हा प्रश्न म्हणून सर्वांत आधी विचारावा. बहुतेक विकसनशील देशांत तसेच घडते. जागतिक घबराट झाली की परदेशी पैसा निघून जातो, घरचा बाजार आणि घरचे चलन दोन्ही एकदम खाली येतात. अशा देशातल्या गुंतवणूकदाराजवळचे हेज न केलेले परदेशी समभाग नेमक्या त्या दिवसांत आधार देतात. त्यांवर हेज चढवले की तो आधार निघून जातो. स्विस किंवा अमेरिकी गुंतवणूकदाराची गोष्ट बरोबर उलटी आहे. त्याचे घरचे चलन संकटात वधारते आणि परदेशी समभागांवर दुहेरी मार बसतो. त्यामुळे एका देशातल्या सल्लागाराने लिहिलेला नियम दुसऱ्या देशात उचलून नेला की तो चुकतो, आणि आंतरजालावरचा बहुतेक सल्ला अमेरिकी किंवा युरोपीय वाचकासाठी लिहिलेला असतो.

या संबंधांवरही डोळे मिटून विसंबू नये. येनला आसऱ्याचे चलन म्हणण्याची पद्धत होती. २०२२ साली समभाग आणि रोखे दोन्ही पडत असताना तोच येन डॉलरला ११५ च्या पातळीवरून ऑक्टोबरात १५० च्या पलीकडे घसरला, कारण अमेरिकेने व्याजदर वाढवले आणि जपानने नाही. उलट ५ ऑगस्ट २०२४ रोजी येन झपाट्याने वधारला आणि निक्केई एका दिवसात १२.४ टक्के कोसळला. स्वस्त येन उसने घेऊन इतरत्र लावलेले पैसे लोक घाईने परत करत होते.

आता हेजिंगच्या खर्चाबद्दल, कारण याविषयी गैरसमज फार. फॉरवर्ड करार म्हणजे पुढच्या तारखेला चलन कोणत्या भावाने द्यायचे-घ्यायचे ते आजच ठरवणे. त्याचा भाव म्हणजे कुणाचा अंदाज नव्हे. तो दोन चलनांच्या व्याजदरांतल्या फरकातून निघतो. समजा परक्या चलनाच्या एका नगाला घरचे ५० नग पडतात. घरचा व्याजदर ७ टक्के, परका ४ टक्के. एक वर्षाचा फॉरवर्ड भाव ५० गुणिले १.०७ भागिले १.०४, म्हणजे ५१.४४ निघेल. परके चलन पुढच्या तारखेला विकणाऱ्याला, म्हणजे हेज करणाऱ्याला, २.९ टक्के जास्तच मिळतात. घरचा दर १ टक्का आणि परका ५ टक्के असेल तर भाव ४८.१० निघेल आणि हेज करणाऱ्याचे ३.८ टक्के जातील. फंडाच्या फीमध्ये ही रक्कम दिसत नाही, ती थेट परताव्यातून वजा होते किंवा त्यात मिळते. २०२३ च्या उत्तरार्धात अमेरिकेचा धोरणात्मक दर ५.२५ ते ५.५० टक्के होता, जपानचा शून्याच्या किंचित खाली. दहा वर्षांच्या अमेरिकी रोख्यावर ४ ते ५ टक्के मिळत होते. हेज केलेल्या जपानी गुंतवणूकदाराला त्यातून खर्च वजा जाता उणे परतावा उरत होता. रोखा सुरक्षित, हेज बिनचूक, आणि तरी खात्रीने तोटा.

व्याजदर जास्त असलेल्या देशातला गुंतवणूकदार म्हणेल, मला तर हेज केल्याचे पैसे मिळतात. मिळतात, पण ते फुकट नाहीत. घरचे चलन पुढे घसरेल ही शक्यता त्या पैशांच्या बदल्यात त्याने विकून टाकलेली असते. घसरण त्या २.९ टक्क्यांहून जास्त झाली तर हेज न करणारा पुढे जातो. हाच तर्क उलटा करून विकसनशील देशांच्या स्थानिक चलनातल्या रोख्यांकडे पाहावे. १० टक्के व्याज दिसते म्हणून कमी व्याजाच्या देशातला माणूस तिकडे जातो. त्याने चलनाचा धोका हेज केला की फरकाचे सगळे व्याज हेजमध्ये जाते. न केला तर जवळजवळ सगळा धोका चलनाचाच. असे रोखे हेज न करता आणि थोडेच घ्यावेत. आम्ही एकूण रकमेच्या ५ टक्क्यांच्या वर जाणार नाही.

‘हेज्ड’ या शब्दाच्या पोटात काय दडले आहे ते पाहणे सर्वांत महत्त्वाचे, आणि तेच सर्वांत कमी पाहिले जाते. हेज दोन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात आतल्या प्रत्येक मोठ्या चलनाचे वेगळे करार करतात. दुसऱ्यात फक्त फंडाच्या मूळ चलनाचा आणि गुंतवणूकदाराच्या चलनाचा करार करतात, त्याला एनएव्ही हेज म्हणतात. समजा जागतिक फंडाचे मूळ चलन डॉलर आहे, आत ७० टक्के डॉलर, १० टक्के युरो, ६ टक्के येन, ४ टक्के पौंड आणि १० टक्के इतर चलने आहेत. त्याच्या ‘युरो-हेज्ड’ वर्गात एनएव्ही हेज असेल तर १०० टक्के डॉलर विकले जातात. आत होते ७० च. म्हणजे गुंतवणूकदार ३० टक्के डॉलरचा उलटा सौदा करून बसला, आणि येन, पौंड वगैरेंचा धोका जिथल्या तिथे राहिला. डॉलर वधारला आणि येन पडला तर त्याला दोन्हीकडून फटका. फंड पूर्ण अमेरिकी असेल तर एनएव्ही हेज चोख काम करते. जागतिक असेल तर नाही. माहितीपत्रकात हा उल्लेख असतो, पण तो एखाद्याच वाक्यात, आणि तो शोधावाच लागतो.

चोख हेजसुद्धा दर मिनिटाला चोख नसते. बहुतेक फंड एक महिन्याचे फॉरवर्ड करार करतात आणि महिनाअखेरीस नव्याने रक्कम ठरवतात. महिन्याच्या मध्यात समभाग ५ टक्के वाढले तर वाढलेला भाग तेवढे दिवस हेजविना असतो, पडले तर हेज गरजेपेक्षा जास्त होते. युरोपात हेज्ड वर्गासाठी ९५ ते १०५ टक्क्यांची मर्यादा पाळायची अपेक्षा असते. त्यामुळे हेज्ड फंडाचा परतावा स्थानिक बाजाराच्या परताव्याशी दशांशापर्यंत जुळला नाही म्हणून कुणावर संशय घेऊ नये. वर्षाला एखाद-दुसऱ्या टक्क्याहून जास्त अंतर पडत असेल, आणि ते व्याजदरांच्या फरकातून समजत नसेल, तर मात्र विचारावे.

त्याहून मोठी अडचण रोकडीची. हेजवरचा तोटा रोखीने, ठरल्या दिवशी द्यावा लागतो. त्याच वेळी समभागांवर झालेला फायदा कागदावरच असतो. जुलै २००८ मध्ये ऑस्ट्रेलियन डॉलर ०.९८ अमेरिकी डॉलरवर होता, ऑक्टोबरच्या अखेरीस ०.६० च्या आसपास. परदेशी समभाग हेज केलेल्या तिथल्या निवृत्तिनिधींना करारांचे पैसे भरावे लागले, तेही जगभरचे समभाग आपटत असताना. विकायला सोपे ते आधी विकावे लागले, न विकता येणाऱ्या मालमत्तेचा हिस्सा आपोआप फुगला. स्वतः फ्युचर्स (शेअर बाजारासारख्या बाजारात विकले जाणारे ठरावीक आकाराचे फॉरवर्डसारखे करार) घेऊन हेज करू पाहणाऱ्याची हीच गत लहान प्रमाणावर होते. शिकागोच्या बाजारातला युरोचा एक करार १,२५,००० युरोंचा असतो, सूक्ष्म करारही १२,५०० चा, आणि नफा-तोटा रोजच्या रोज चुकता करावा लागतो. लहान गुंतवणूकदाराने यात पडू नये. त्याच्यासाठी दोनच साधने बरी, हेज्ड फंड किंवा घरचे रोखे. घरचे रोखे हे सर्वांत स्वस्त हेज आहे. परदेशी चलनाचा हिस्सा जास्त वाटला तर करार करण्यापेक्षा तो हिस्साच कमी करावा.

बांधलेल्या चलनांबद्दल एक इशारा द्यायलाच हवा. जोखीम मोजणारी सगळी कोष्टके मागच्या काही वर्षांच्या चढउतारावर चालतात. एखाद्या देशाने आपले चलन दुसऱ्याशी बांधून ठेवले असेल तर तो चढउतार शून्याजवळ दिसतो आणि कोष्टक ‘धोका नाही’ म्हणते. अर्जेंटिनाने १९९१ मध्ये आपले चलन डॉलरला बांधले, १९९२ पासून एक पेसो म्हणजे एक डॉलर, जानेवारी २००२ मध्ये ते सोडले आणि काही महिन्यांत डॉलरला ३ पेसोंहून जास्त पडू लागले. थायलंडने २ जुलै १९९७ रोजी बात मोकळा सोडला आणि शेजारच्या देशांची चलनेही त्यामागे ओढली गेली. दगा फक्त दुबळ्या चलनांचाच होतो असेही नाही. स्विस मध्यवर्ती बँकेने सप्टेंबर २०११ पासून युरोचा भाव १.२० फ्रँकच्या खाली जाऊ दिला नव्हता. १५ जानेवारी २०१५ रोजी ही मर्यादा अचानक काढली, काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्याही खाली गेला. तीन वर्षांचा शांत आलेख पाहून केलेले सगळे हिशेब त्या सकाळी निकामी झाले.

प्रत्यक्ष आखणी कशी करावी? सुरुवात फंडांपासून करू नये, खर्चापासून करावी. एका कागदावर पुढच्या वीस वर्षांतले मोठे खर्च लिहावेत, प्रत्येकापुढे वर्ष, आजच्या किमतीने रक्कम आणि तो कोणत्या चलनात होणार ते लिहावे. मग प्रत्येक फंडाच्या मासिक फॅक्टशीटवरून (फंड दर महिन्याला काढतो त्या माहितीच्या पानावरून) आतल्या चलनांचे टक्के घ्यावेत. चलनांचा तक्ता नसेल तर देशांचा असतो, तो चालतो. फंडातली आपली रक्कम गुणिले त्या चलनाचा टक्का, असे सगळ्या फंडांचे करून बेरीज घ्यावी आणि तिच्यातून त्या चलनातला खर्च वजा करावा. उरतो तो खरा धोका.

उदाहरणादाखल, घरचे चलन डॉलर नसलेल्या कुटुंबाजवळ १०० नग आहेत. घरचे समभाग ३५, घरचे रोखे २५, हेज न केलेला जागतिक समभाग फंड ३०, हेज केलेला जागतिक रोखे फंड १०. वर दिलेल्या अमेरिकेच्या भारानुसार त्या ३० मध्ये डॉलरचे २१ येतात, युरोचे साधारण ३, येनचे २ च्या आत, पौंडाचा १ च्या थोडा वर. डॉलर १५ टक्के पडला तर एकूण १०० मधले सुमारे ३.१५ जातील. हे सोसवेल का, असे स्वतःला विचारावे. टक्क्यांत विचारलेल्या प्रश्नापेक्षा रकमेत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर लोक जास्त खरे देतात. आता घरच्या समभागांतले १० काढून अमेरिकी तंत्रज्ञान फंडात घातले तर डॉलर ३१ होतो. फंड एक वाढला, विविधता घटली.

याच कुटुंबाला चार वर्षांनी मुलाच्या शिक्षणासाठी डॉलरमध्ये आजच्या किमतीने १२ लागणार असतील तर चित्र पालटते. डॉलरचा खरा धोका २१ वजा १२, म्हणजे ९ च. या कुटुंबाने घाबरून सगळे २१ हेज केले तर डॉलर महागताच फी भरताना दमछाक होईल. मात्र चलन जुळले म्हणजे काम झाले असेही नाही. चार वर्षांनी लागणारा पैसा समभागांत ठेवणे चूकच. जागतिक समभागांतले १२ काढून डॉलरमधल्या अल्प मुदतीच्या रोख्यांत न्यावेत, तेही एकदम नव्हे. तीन वर्षांत दर तिमाहीला एक असे बारा हप्ते केले की कुठल्याच एका दिवसाच्या भावावर सगळे अवलंबून राहत नाही. ते झाल्यावर समभागांतला डॉलर १८ च्या ७० टक्के, म्हणजे १२.६ उरतो आणि फीचे १२ फीसाठी बाजूला असतात.

विकसित देशांच्या समभागांचे हेज किती करावे याविषयी ज्याला ठाम मत नाही त्याने अर्धे करावे. हा केवळ मधला मार्ग म्हणून सांगत नाही. वरच्याच उदाहरणात चलनाचे ९ टक्के अर्धे होऊन ४.५ झाले की एकत्रित चढउतार १८.४ वरून १६.६ वर येतो, म्हणजे अर्ध्या हेजमध्ये जास्तीच्या धोक्याचा तीन-चतुर्थांश भाग निघून जातो. संकटात घरचे चलन पडत असेल तर अर्ध्याहून कमी, किंवा शून्य. एकदा ठरवलेले प्रमाण अंदाजांवरून बदलू नये. अर्थतज्ज्ञ रिचर्ड मीस आणि केनेथ रोगॉफ यांनी १९८३ मध्ये दाखवले की विनिमय दराची त्या वेळची आर्थिक प्रारूपे ‘उद्याचा भाव आजच्याइतकाच’ या भाबड्या अंदाजालाही हरवू शकत नव्हती. परके चलन पडून गेल्यावर हेज्ड फंडात जायचे, आणि ते चढल्यावर पुन्हा साध्या फंडात यायचे, ही सवय आम्ही पाहिलेल्या नुकसानांपैकी सर्वांत मोठी. यात दोन्ही वेळा तोटा पक्का करूनच माणूस बाहेर पडतो.

तोल सावरण्याचे काम वर्षातून एकदा पुरे. एखादा हिस्सा ठरलेल्या प्रमाणापासून ५ टक्केबिंदूंहून जास्त सरकला तरच हात लावावा आणि शक्यतो नव्या पैशानेच सावरावे. चलन बदलण्याच्या खर्चाकडे लक्ष असू द्यावे. जाताना १ टक्का आणि येताना १ टक्का लागत असेल तर दहा वर्षांच्या गुंतवणुकीत तो वर्षाला ०.२ टक्के पडतो, एका वर्षात पैसे परत आणले तर पूर्ण २ टक्के. बऱ्याच इंडेक्स फंडांची वर्षाची फी याहून कमी असते. सोन्याबद्दल एवढेच की त्याचा भाव डॉलरमध्ये सांगितला जातो म्हणून ते डॉलर होत नाही, तेही मोजमापच. कर बहुतेक ठिकाणी घरच्या चलनातल्या फायद्यावर लागतो, त्यामुळे परदेशी बाजारात प्रत्यक्ष तोटा होऊनही केवळ विनिमय दरामुळे कर भरावा लागू शकतो. विकण्याआधी हा आकडा काढून पाहावा.

हे सगळे वाचकाने करायचे तर त्याच्या हाती आकडे हवेत, आणि येथे आपली मदत लागते. आपल्या तक्त्यात तीन रकाने वाढवावेत ही विनंती. पहिला, परतावा कोणत्या चलनात मोजला, आणि शक्य तिथे स्थानिक व घरच्या अशा दोन्ही चलनांत. दुसरा, फंड हेज्ड आहे का, असल्यास एनएव्ही हेज की आतल्या चलनांचे. तिसरा, आतल्या सर्वांत मोठ्या चलनाचे नाव आणि टक्का. ही माहिती फंडांच्या फॅक्टशीटवर आणि माहितीपत्रकात असते, नव्याने गोळा करावी लागत नाही. जागेची अडचण असेल तर एक वर्षाच्या परताव्याचा रकाना काढून टाकला तरी चालेल. विनिमय दराच्या लाटेने सर्वांत जास्त वाकलेला आकडा तोच असतो, आणि फंड निवडताना बहुतेक वाचक पहिल्यांदा तोच पाहतात.

आपले,
फंडांच्या जोखीम-मापनाचे काम करणारे काही वाचक